स्टँडवरचा रॅम्प, एसटीची उंच पायरी: निवेदन फाइलला न लागता काम व्हायला हवं असेल तर कुठल्या क्रमानं काय करायचं

३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, आला की आपल्याकडं निवेदनांचा पाऊस पडतो. आठ-दहा जण मिळून साहेबांच्या केबिनमध्ये जातात, कागद हातात देतानाचा फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, आणि पुढच्या ३ डिसेंबरला तोच कागद तारीख बदलून परत. मीपण दोन वर्षं हेच केलंय म्हणून सांगतोय. "सर्व बसस्थानके दिव्यांगांसाठी सुगम करावीत" असं लिहिलं की वाचणाऱ्याला उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळतच नाही, मग तो "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून खाली पाठवतो आणि खालचा फाइलला लावतो. एक स्टँड, एक अडथळा, त्याचं माप, बरोबर ऑफिस आणि एक तारीख एवढं असलं की कागद हलतो.

खालचं सगळं सातारा-सांगलीच्या हिशोबानं आणि एसटी मुख्य धरून लिहिलंय, कारण दोन्ही जिल्ह्यांत गावातनं तालुक्याला जायचं म्हणजे एसटीच. क्रम मोडू नका. बरेच जण सरळ पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं उडी मारतात, तिथनं विचारणा येते की आधी संबंधित कार्यालयाकडं अर्ज केला होता का, आणि चार महिने पाण्यात.

टप्पा १: एकच प्रवास निवडा आणि तो तीनदा करा

सगळा जिल्हा सुधारायला निघू नका. तुम्ही खरंच करता तो एक प्रवास घ्या, उदाहरणार्थ कोरेगावहून साताऱ्याला सिव्हिलला, किंवा तासगावहून मिरजेला दवाखान्यात. तो वेगवेगळ्या वेळी तीनदा करा, एकदा सकाळी कॉलेजच्या गर्दीत, एकदा दुपारी, एकदा अंधार पडल्यावर. घरातनं निघाल्यापासून सीटवर बसेपर्यंत आणि तिकडं उतरून रिक्षापर्यंत जिथं जिथं थांबावं लागलं, कुणाला तरी हाक मारावी लागली, ते तिथल्या तिथं मोबाइलवर लिहा नाहीतर बोलून रेकॉर्ड करा. घरी येऊन आठवून लिहिलं की निम्मं विसरतंय, कारण रोजच्या त्रासाची सवय झालेली असते.

मग ती यादी तीन ढिगांत वाटा:

१. बांधकाम: रॅम्प, फलाट, संडास, तिकीट खिडकी, थांब्याची शेड.
२. गाडी: पायरीची उंची, धरायला दांडा, राखीव सीट, व्हीलचेअर आत घ्यायची सोय.
३. वागणूक आणि वेळ: थांब्यावर गाडी न थांबवणं, फलाटापासून लांब उभी करणं, ऐनवेळी फलाट बदलणं आणि कुणाला न सांगणं.

हे तीन ढीग वेगवेगळ्या टेबलांवर जातात, म्हणून एका अर्जात कालवू नका. सवलतीच्या तिकिटाची भांडणं (७५ टक्के सवलत, कार्ड चालत नाही वगैरे) तर पूर्ण वेगळी, ती यात आणलीत की समोरचा त्यावरच उत्तर देतो आणि रॅम्प राहतो बाजूला.

थांबा, एक बघा: यादीत नुसता रॅम्पच आहे का? आमच्या पहिल्या यादीत तसंच होतं, मी स्वतः कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबडीवाला, सोबतचा व्हीलचेअरवाला, आम्हाला दुसरं काही दिसेचना. एका अंध मित्रानं झापलं, "रॅम्प घेऊन काय करू, कुठल्या फलाटाला कुठली गाडी लागलीय ते मला कोण सांगणार?" ज्याला ऐकू येत नाही त्याची अडचण आणखी वेगळी, घोषणा झाली तरी त्याला बोर्डच लागतो. किमान एक अंध आणि एक कर्णबधिर माणूस सोबत घेऊन फेरी मारा.

टप्पा २: टेप घेऊन जा

हा टप्पा लोक सोडतात आणि सगळा खेळ इथंच आहे. "रॅम्प चढायला अवघड आहे" याला उत्तर "नाही, ठीक आहे" असं देता येतं. "४५ सेंमी चढायला रॅम्प फक्त २ मीटर ७० सेंमी लांब आहे" याला ते देता येत नाही.

सामान: पाच मीटरची टेप, गवंड्याकडची छोटी लेव्हल, वही, मोबाइल, आणि मोजायला एक धडधाकट दोस्त. काय मोजायचं:

रॅम्प. मान्य उतार १:१२, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. फलाट ४५ सेंमी उंच असेल तर रॅम्प ५ मीटर ४० सेंमी लागतो. वरच्या उदाहरणात तो बरोबर निम्मा आहे, म्हणजे उतार १:६, अशा रॅम्पवर व्हीलचेअर मागं उलटू शकते. रुंदी किमान १२० सेंमी, दोन्ही बाजूला धरायला कठडा, आणि वर-खाली वळायला सपाट जागा, साधारण दीड मीटर. रॅम्प बरोबर असला तरी त्याच्या पायथ्याशी खड्डा, गटाराची जाळी, साखळी किंवा मोटरसायकलींची रांग आहे का तेही लिहा.

संडास. दार किमान ९० सेंमी, बाहेर उघडणारं, आत आधाराचे दांडे, व्हीलचेअर फिरायला जागा. आणि कुलूप! दिव्यांगांसाठीचा संडास बांधलेला असतो, कुलूपही असतं, किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नसतं. किल्ली मागा, किती मिनिटांनी मिळाली ते घड्याळ लावून लिहा.

तिकीट आणि चौकशीची खिडकी. जमिनीपासून ७५-८० सेंमीवर एक तरी खिडकी आहे का.

गाडी. जमिनीपासून पहिल्या पायरीची उंची आणि फलाटाच्या कडेपासून गाडीच्या दारापर्यंतचं अंतर. वेगवेगळ्या निदान पाच गाड्यांचं घ्या. रस्त्यावरच्या थांब्यावर पण घ्या, तिथं फलाटच नसतो त्यामुळं पायरी आणखी उंच पडते.

फोटोत टेपचा आकडा वाचता आला पाहिजे. एक फोटो लांबनं, ज्यात जागा ओळखू येते, एक जवळनं आकड्याचा. प्रवाशांचे चेहरे, बायका-पोरं फोटोत घेऊ नका, त्यावरनं भांडण लागतं आणि मूळ काम बाजूला पडतं. कुणी "कशाला फोटो काढताय" विचारलं तर वही दाखवा, काय मोजतोय ते शांतपणे सांगा. आम्हाला एकदा एका चहावाल्यानंच टेपचं दुसरं टोक धरून दिलं आणि वर सांगितलं की पावसात हितं काय होतंय ते येऊन बघा.

टप्पा ३: ही जागा कुणाच्या ताब्यात आहे

सगळ्यात जास्त अर्ज इथं मरतात. ढोबळ हिशोब असा:

स्टँडच्या आतलं काहीही असेल तर एसटीचं. अर्ज विभाग नियंत्रकांच्या नावानं, सातारा विभाग किंवा सांगली विभाग, आणि प्रत आगार व्यवस्थापकांना. नुसतं आगारात देऊ नका, बांधकामाचा निर्णय आगारात होत नाही, स्थापत्य शाखा विभागीय कार्यालयात असते.

रस्त्यावरचा थांबा, शेड, फुटपाथ हे शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचं. सांगली-मिरजेत तर हमखास घोळ होतो, शहरी बस एसटी चालवते म्हणून लोक थांब्याच्या शेडचा अर्जही एसटीला देतात, पण शेड आणि फुटपाथसाठी आधी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं दार वाजवायचं.

गावाबाहेरच्या रस्त्यावरचा थांबा असेल तर तो रस्ता कुणाचा ते बघा, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, पुणे-बेंगळुरू हायवे असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. हायवेवरचे थांबे म्हणजे वेगळंच प्रकरण, गाडी सर्व्हिस रोडला येते का पुलावरनं निघून जाते हा प्रश्न एसटीचा, सर्व्हिस रोडवरची शेड आणि चढ हा महामार्गवाल्यांचा. अर्ज दोन, तारीख एक.

रेल्वे स्टेशन, मग ते सातारा, कराड, सांगली, मिरज कुठलंही असो, मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं. लगेचच्या तक्रारीला १३९ हा फोन नंबर आहे, बांधकामाच्या मागणीला पुण्याच्या विभागीय कार्यालयाला पत्र.

तपासा: चुकीच्या ऑफिसात अर्ज गेलाच तर तो मागं घेत बसू नका, "आपल्या अखत्यारीत नसल्यास संबंधित कार्यालयाकडे पाठवून मला कळवावे" ही एक ओळ प्रत्येक अर्जाच्या शेवटी घालायची सवय लावा.

टप्पा ४: मागणी लिहा, स्वस्तातली आधी

बजेट लागत नाही ते आधी मागायचं. गाडी फलाटाला चिकटून लावणं, रोजच्या गाडीचा फलाट न बदलणं, बदलला तर स्पीकरवर दोनदा सांगणं आणि बोर्डवर लिहिणं, संडासाची किल्ली कंट्रोलरच्या (स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाच्या) टेबलावर ठेवून तसा कागद दारावर लावणं, रॅम्पसमोर गाड्या लावू न देणं. याला टेंडर लागत नाही, एक लेखी आदेश लागतो, आणि तो निघाला की तुमच्या फाइलला वजन येतं. मग महिना-दोन महिन्यांतलं (कठडा, पट्टे, खड्डा बुजवणं), मग बांधकामाचं.

कायद्याचा आधार दोन-तीन ओळींत पुरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये कलम ४१ वाहतुकीचं आहे, बसथांबे, स्टेशन, पार्किंग, संडास, तिकीट खिडक्या सगळं त्यात येतं, आणि जमेल तिथं जुन्या गाड्यांत बदल करणंसुद्धा. कलम ४५ सांगतं की असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून ५ वर्षांत सुगम करायच्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. स्टँड म्हणजे सार्वजनिक इमारत कशी असं कुणी म्हणालं तर कायद्यातल्या व्याख्येतच बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन लिहिलेलं आहे.

चूक जी सारखी दिसते: तक्रार निवारण अधिकारी म्हणून कलम २३ टाकतात. ते कलम नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारीचं आहे, प्रवाशाच्या नाही. ते टाकलं की समोरचा तेवढ्यावरच उत्तर देऊन मोकळा होतो.

नमुना, आपापल्या मापानं भरा:

"प्रति, मा. विभाग नियंत्रक, … विभाग. विषय: … बसस्थानकातील फलाट क्र. … चा रॅम्प व गाडी लावण्याची पद्धत. मी … येथे राहतो, … टक्के दिव्यांग असून आठवड्यातून … वेळा या स्थानकातून प्रवास करतो. दि. …, … व … रोजी मोजमाप केले. फलाटाची उंची … सेंमी, रॅम्पची लांबी … सेंमी, म्हणजे उतार १:…, अपेक्षित १:१२. पाच गाड्यांपैकी … गाड्या फलाटापासून … सेंमीपेक्षा लांब उभ्या होत्या (तक्ता व फोटो सोबत). कलम ४१ व ४५ नुसार विनंती: १) गाड्या फलाटालगत लावण्याचा लेखी आदेश ७ दिवसांत. २) कठडा व पायथ्याचा खड्डा ३० दिवसांत. ३) १:१२ उताराच्या नव्या रॅम्पचे अंदाजपत्रक कधी मंजूर होणार ते लेखी कळवावे. आपल्या अखत्यारीत नसल्यास संबंधित कार्यालयाकडे पाठवून मला कळवावे."

दोन पानांच्या वर जाऊ नका. दिव्यांग कार्डची झेरॉक्स जोडा, मूळ कार्ड कुणाच्या हातात देऊ नका, आधारची गरज नाही. आणि भाषा साधी ठेवा, "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" हे वाक्य पहिल्या अर्जात नको, आंदोलनाला नंतर वेळ आहे.

टप्पा ५: देताना

दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" म्हटलं तर सांगायचं की मला साहेब नकोत, आवक-जावक टेबल हवंय. ऑफिस वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर खालीच बसा, क्लार्कला खाली बोलवा, आणि तेही वहीत लिहा, तो पुढचा मुद्दा होतो. जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती आणि पोचल्याचा ऑनलाइन रिपोर्ट जपून ठेवा. जुनी रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच मिसळलीय.

फोटो काढायचाच असेल तर शिक्क्याचा काढा.

टप्पा ६: पहिले ३० दिवस

नुसतं बसून राहायचं नाही. आठवड्यानं स्थानकप्रमुखाला भेटा, बिनखर्चाच्या मागण्या तिथंच मार्गी लागतात. एसटीनं २०२४ मध्ये प्रवासी राजा दिन सुरू केलाय, त्यात विभाग नियंत्रक आगारात बसून प्रवाशांच्या तक्रारी घेतात, तुमच्या आगाराची तारीख आधी विचारून जा आणि शिक्क्याची प्रत न्या.

दुसरा रस्ता लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात. दोन गोष्टी लोक चुकतात, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक लागते. "समस्त दिव्यांग बांधव" असं वर लिहून पन्नास सह्या केल्या की बाद. पन्नास जणांनी आपापल्या प्रवासाचा एकेक अर्ज दिला तर मात्र बघा काय होतंय.

या काळात गाडी थांबली नाही, किंवा कंडक्टर अपमानाचं काही बोलला, तर त्याची तक्रार त्याच दिवशी आणि वेगळी: गाडीचा नंबर, मार्ग, वेळ, तिकिटाचा फोटो, आजूबाजूच्या एखाद्या प्रवाशाचं नाव. सगळे कंडक्टर वाईट नसतात, मला हात देऊन चढवणारे रोज भेटतात, पण कुणाच्या मेहरबानीवर रोजचा प्रवास होत नाही हेही खरं.

टप्पा ७: उत्तर नाही आलं तर आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज)

जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे. "रॅम्प का बांधला नाही?" असं विचारू नका, "का"ला माहिती मिळत नाही, कागद मागा:

१. दि. … च्या माझ्या अर्जावरील (आवक क्र. …) टिपणीची व पत्रव्यवहाराची प्रत.
२. … बसस्थानकातील रॅम्प व स्वच्छतागृहासाठी गेल्या ३ वर्षांतील अंदाजपत्रके व मंजुरी आदेशांच्या प्रती.
३. स्थानकाची सुगम्यता तपासणी झाली असल्यास अहवालाची प्रत.
४. १ मार्च २०२० नंतर विभागात दाखल झालेल्या बसची संख्या, आणि त्यांपैकी व्हीलचेअर आत घेऊन लॉक करायची सोय असलेल्या बसची संख्या.

चौथा प्रश्न कशासाठी? मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये बदल झाला आणि १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव सीट, त्याच्या खुणा, कुबडी-वॉकर अडकवायची सोय, धरायला दांडे आणि व्हीलचेअरची व्यवस्था हे सगळं आलं. आकडा हातात आला की "जुन्या गाड्या आहेत हो" हे उत्तर तपासून बघता येतं.

अंध किंवा कर्णबधिर अर्जदाराला माहिती मिळवायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, कायद्यातच आहे, मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, कारण आम्ही एकदा गणपतीच्या गडबडीत ती घालवली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

टप्पा ८: आयुक्तांकडं

दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला क्रमानं जोडा: मापांचा तक्ता, फोटो, शिक्क्याचा अर्ज, आठवणपत्र (दिलं असेल तर), आरटीआयचं उत्तर किंवा उत्तर न आल्याचा पुरावा. वर एका पानावर तारखांची यादी. मागणी तीच ठेवा जी पहिल्या अर्जात होती, इथं नवीन काही घुसडू नका.

आयुक्तांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत (कलम ८२). त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं, नाही मानली तर कारण द्यायचं. सुनावणीला पुण्याला जावं लागेल, आधीच लेखी विचारा ऑनलाइन होईल का, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असेल तर तेही.

एसटी किंवा पालिकेकडनं "या फक्त मार्गदर्शक सूचना आहेत, बंधनकारक नाहीत" असं उत्तर आलं तर घाबरू नका. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात नेमका हाच मुद्दा घेतला, सुगम्यता नुसत्या सूचनांवर सोडणारा २०१७ च्या नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला ३ महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. तुमच्या उत्तरात निकालाचं नाव, तारीख आणि कलम ४१, ४५ एवढं लिहा.

टप्पा ९: काम सुरू झालं की तिथं हजर राहा

मंजुरी आली म्हणून पेढे वाटून घरी बसू नका. ठेकेदारानं चुन्यानं आखणी केली त्या दिवशी टेप घेऊन जा, कारण सिमेंट पडल्यावर कुणी फोडत नाही. एका तालुक्याच्या स्टँडवर आम्ही एक दिवस उशिरा गेलो, तर "जागा कमी होती" म्हणून उतार परत १:७ केलेला, वर कठडा एकाच बाजूला आणि गुळगुळीत फरशी. जागा कमी असेल तर रॅम्प वळवून घेता येतो, मधे सपाट टप्पा देऊन, हे त्याला तिथंच चित्र काढून दाखवावं लागतं.

काम झाल्यावर तपासायचं ते असं: व्हीलचेअरवाला कुणाच्या धक्क्याशिवाय चढतो का, पांढऱ्या काठीला रॅम्पची कड लागते का, रात्री तिथं दिवा आहे का, तीन आठवड्यांनी पायथ्याशी मोटरसायकली लागल्यात का. काही चुकलं तर नवीन अर्ज लिहायचा, जुना आवक क्रमांक वर टाकून.

आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदा जाऊन या. तो चहावाला सांगत होता ते खरं निघालं, आमच्या नव्या रॅम्पच्या पायथ्याशी घोट्याएवढं पाणी साठलेलं. टेप पाण्यात उभी धरली, फोटो काढला, अर्ज लिहिला, फोटोत टेपचं दुसरं टोक परत त्याच्याच हातात आहे.